गच्चीचे जलरोधन

गच्चीचे जलरोधन म्हणजे इमारतीच्या सपाट छतातून पावसाचे पाणी खाली झिरपू नये म्हणून छतावर केले जाणारे उतार, थर, सांधे आणि निचरा यांचे एकत्रित काम होय. बोलीभाषेत यास 'वॉटरप्रूफिंग' असेच म्हणतात. प्रबलित सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबची गच्ची असलेल्या इमारतींत हे काम विशेष महत्त्वाचे ठरते. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी आतील लोखंडी सळईपर्यंत पोहोचले की सळई गंजते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत असते, त्यामुळे सळईखालचे काँक्रीट फुगून तुकड्यातुकड्यांनी खाली पडू लागते. म्हणून गच्चीची गळती ही भिंतीच्या रंगाची तक्रार समजून सोडून देण्यासारखी नसते.

प्रस्तुत लेखात मुख्यत्वे महाराष्ट्रातील हवामान व बांधकामपद्धती लक्षात घेऊन जलरोधनाची साहित्ये, पद्धती आणि त्यांच्या निवडीचे निकष दिले आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात सपाट छत नवे नाही. देशावरील कमी पावसाच्या भागांत धाब्याची किंवा माळवदाची घरे होती. लाकडी तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर पाला किंवा काटक्या आणि वर मातीचा जाड थर अशी त्यांची रचना असे. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर देऊन तो चोपला जाई. कोकणात व घाटमाथ्यावर पाऊस इतका पडतो की तेथे उतरते छप्परच उपयोगी पडले. आधी गवत, नळीची कौले आणि पुढे मंगलोरी कौले असा तेथील छपरांचा प्रवास झाला. मंगलोरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे सुरू केला. कोकणातही दर उन्हाळ्यात घर शाकारण्याची रीत होती.

या दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान होती. छताची दरवर्षी डागडुजी करावी लागते, हे घरमालकाने गृहीत धरलेले असे. स्लॅबच्या गच्चीबरोबर ही सवय मोडली. काँक्रीट पक्के असते, तेव्हा त्याच्याकडे पाहण्याची गरज नाही, असा समज रूढ झाला आणि आज दिसणाऱ्या गळतीतील मोठा वाटा या समजाचा आहे.

दगडी व विटांच्या जुन्या इमारतींच्या गच्चीवर चुन्याचा कोबा करीत. विटांची खडी आणि चुना यांचे मिश्रण पसरून मजुरांच्या ओळी ते लाकडी थापीने दिवसच्या दिवस चोपत. थापी उसळी घेऊ लागली की कोबा बसला असे मानत. गूळ आणि बेलफळ उकळून केलेले पाणी त्यावर शिंपडले जाई. या पद्धतीसाठी भारतीय मानक ब्युरोची आयएस ३०३६ ही स्वतंत्र संहिता आहे. चुना किंचित लवचीक असतो आणि बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच भरून काढतो, हा त्याचा मोठा गुण. वेळ व मजुरी परवडेनाशी झाल्यावर आणि कुशल कारागीर दुर्मीळ झाल्यावर ही पद्धत मागे पडली. वारसा इमारतींच्या दुरुस्तीत मात्र ती अजूनही वापरली जाते आणि तेथे तिच्याऐवजी सिमेंट वापरणे बहुधा अपायकारक ठरते.

पाणी का झिरपते

काँक्रीट मुळात सच्छिद्र असते. मिश्रणात घातलेल्या पाण्यापैकी सिमेंटच्या रासायनिक क्रियेला जितके लागते त्याहून अधिक पाणी मागे केशिकांसारख्या सूक्ष्म वाटा सोडून जाते. पाणी व सिमेंट यांचे वजनी गुणोत्तर ०.४५ च्या आसपास असेल आणि काँक्रीटवर नीट पाणी मारले गेले, तर या वाटा काही दिवसांत तुटक होऊन बंद पडतात. गुणोत्तर ०.६ असल्यास त्याच गोष्टीस सुमारे सहा महिने लागतात. ते ०.७ च्या वर गेले, तर कितीही काळ पाणी मारले तरी वाटा पूर्णपणे बंद होत नाहीत. स्लॅब भरताना माल 'सैल' व्हावा म्हणून ओतलेली पाण्याची जादा बादली पुढे कित्येक वर्षे गळत राहते, ती अशी.

दुसरे कारण भेगांचे. काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला आपल्या लांबीच्या साधारण एक लाखांशाने प्रसरण पावते. २० मीटर लांबीच्या गच्चीचे तापमान दुपार आणि पहाट यांत ३० अंशांनी बदलले, तर तिची लांबी सुमारे ६ मिमीने कमीजास्त होऊ पाहते. उन्हाळ्यात तापलेल्या गच्चीवर वळवाची सर कोसळते तेव्हा हाच बदल काही मिनिटांत घडतो. हे आकुंचन-प्रसरण ज्या सांध्यावर एकवटते तो, म्हणजे स्लॅब आणि कठडा यांचा कोपरा, गच्चीचा सर्वांत दुबळा भाग असतो.

उरलेली कारणे माणसांनी निर्माण केलेली असतात. टाकीकडे जाणाऱ्या नळांसाठी पाडलेली भोके, डिश अँटेना व सौरपट्ट्या यांच्या खिळ्यांनी फोडलेला थर, पाने आणि प्लास्टिक यांनी तुंबलेली पन्हाळी, कठड्याच्या भेगेत पक्ष्यांच्या विष्ठेतून रुजलेला पिंपळ किंवा वड ही त्यांपैकी नेहमी आढळणारी. पिंपळाचे रोप वरून छाटल्याने काही साधत नाही. मुळे भेगेत जाडावत राहतात, म्हणून ती समूळ काढून भेग भरावी लागते.

निदान

साहित्य निवडण्याआधी पाणी कोठून येते हे ठरवावे लागते. खालच्या खोलीत जेथे डाग दिसतो त्याच्या नेमक्या वर पाणी शिरण्याची जागा असतेच असे नाही. पाणी थरांमधून, सळईच्या कडेने किंवा विजेच्या नळीतून काही मीटर वाहत जाऊन सोयीच्या ठिकाणी बाहेर पडते. छतातील पंख्याच्या वा दिव्याच्या जागी ठिबकणारे पाणी बहुधा विजेच्या नळीतून आलेले असते. तेथील वीजपुरवठा ताबडतोब बंद करणे आवश्यक असते.

ओल कधी वाढते यावरून बरेच कळते. ती पावसाबरोबर येते व ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ओसरते तेव्हा दोष गच्चीचा किंवा बाहेरील भिंतीचा असतो. हिवाळ्या-उन्हाळ्यातही ती कायम राहिली तर टाकी, नळ किंवा वरच्या मजल्यावरील न्हाणीघर तपासावे लागते. वाऱ्याच्या दिशेच्या एकाच भिंतीलगत ओल असल्यास गच्चीवर केलेला खर्च वाया जाण्याचीच शक्यता अधिक, कारण पाणी भिंतीच्या गिलाव्यातून आत येत असते. पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन दिवस ठिबकणारी गळती ही स्लॅबवरील जुन्या कोब्याने पाणी धरून ठेवल्याची खूण समजली जाते.

हे निरीक्षण पावसाळ्यातच होऊ शकते. काम मात्र कोरड्या ऋतूतच करावे लागते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये डागांच्या कडा पेन्सिलने आखून, तारीख टाकून छायाचित्रे घेणे आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काम उरकणे हा क्रम सोयीचा ठरतो. मे महिन्याच्या अखेरीस घाईने सुरू केलेली कामे पहिल्या पावसात अर्धवट सापडतात.

उतार आणि निचरा

कोणतेही साहित्य साचलेल्या पाण्याखाली लवकर खराब होते. त्यामुळे जलरोधनाचा पाया उतार हाच असतो. साधारणतः १०० मध्ये १ हा किमान उतार धरतात, जोरदार पावसाच्या भागात तो ८० किंवा ६० मध्ये १ इतका ठेवतात. उताराच्या वरच्या टोकापासून पन्हाळीपर्यंतचे अंतर ६ मीटर असेल, तर १०० मध्ये १ या हिशेबाने दोन्ही टोकांच्या पातळीत ६० मिमीचा फरक हवा.

पाणी वाहून नेणाऱ्या नळांची संख्या पावसाच्या तीव्रतेवर अवलंबून असते. तासाला १०० मिमी पाऊस धरल्यास १०० मिमी व्यासाचा एक उभा नळ सुमारे ४० चौरस मीटर गच्चीला पुरतो. मुंबईच्या सांताक्रूझ येथे २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिमी पावसाची नोंद झाली. असा दिवस रोज येत नाही, परंतु नळांच्या संख्येत काटकसर केलेली गच्ची अशा वेळी हौदासारखी भरते आणि पाणी जिन्यातून आत येते. नळाच्या तोंडाशी जाळी हवी, आणि त्याभोवतालचा भाग आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट असावा.

कठडा व स्लॅब यांच्या कोपऱ्यात काटकोन न ठेवता मसाल्याची गोलाकार कड करतात. बांधकामाच्या भाषेत तिला 'वाटा' म्हणतात. वरचा जलरोधक थर या वाट्यावरून कठड्यावर १५० ते ३०० मिमी चढवून भिंतीत पाडलेल्या खाचेत बंद करावा लागतो. थर कठड्याच्या पायथ्याशीच संपवणे ही सर्वाधिक आढळणारी चूक होय.

प्रमुख पद्धती

विटांचा कोबा

'ब्रिकबॅट कोबा' या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मुंबई-पुण्याकडे सर्वाधिक प्रचलित आहे. प्रथम स्लॅब खरवडून स्वच्छ करतात, पोकळ जागांत सिमेंटचा पातळ घोळ दाबाने भरतात आणि १ भाग सिमेंट, ४ भाग वाळू या मसाल्याचा जलरोधक रसायन मिसळलेला २० ते २५ मिमीचा थर देतात. तो वाळल्यावर त्यावर पाणी साठवून पाहतात. नंतर पूर्ण भिजवलेले विटांचे तुकडे उताराप्रमाणे एकमेकांशेजारी बसवून त्यांच्यातील सांधे मसाल्याने भरतात. शेवटी वरचा थर देऊन तो घोटतात व त्यावर दोरीने सुमारे ३०० मिमीचे चौकोन उमटवतात, म्हणजे आकुंचनाच्या भेगा वेड्यावाकड्या न पडता या रेषांत पडतात. काही ठिकाणी वर फुटक्या चिनीमातीच्या फरशीचे तुकडे बसवतात. या 'चायना मोझॅक'चा पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, त्यामुळे खालची खोलीही थोडी थंड राहते.

मसाल्यात मिसळायच्या रसायनांचे मानक आयएस २६४५ मध्ये दिले आहे. रसायनामुळे मसाल्याचा चिवटपणा व घट्टपणा वाढतो, परंतु वाईट कारागिरीची भरपाई त्याने होत नाही.

या पद्धतीचे बळ असे की ती एकाच कामात उतार, उष्णतारोधन व चालण्याजोगी जमीन देते, आणि तिचे कारागीर सर्वत्र मिळतात. तिचा दोष विटेतच आहे. साधी वीट आपल्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. वरचा थर एकदा तडकला की कोबा स्पंजासारखा भरतो आणि स्लॅबला महिनोन्‌महिने ओला ठेवतो. गळतीची जागा शोधणे मग जवळजवळ अशक्य होते.

डांबरी पटले

डांबर व फेल्ट यांचे एकावर एक थर देण्याची जुनी पद्धत आयएस १३४६ मध्ये वर्णिली आहे. तिची जागा आता तयार गुंडाळ्यांनी घेतली आहे. या पटलांत डांबरात अटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन किंवा रबरासारखे बहुवारिक मिसळलेले असते. ३ किंवा ४ मिमी जाडीच्या, १ मीटर रुंद व १० मीटर लांब गुंडाळ्या गॅसच्या ज्योतीने तापवून स्लॅबवर चिकटवतात आणि शेजारच्या पट्टीवर किमान १०० मिमी चढवतात. भेगा पडणाऱ्या स्लॅबला हे साहित्य चांगले मानवते, कारण ते थोडे ताणले जाऊ शकते.

पृष्ठभाग पूर्ण कोरडा असणे ही याची अट. ओल अडकली तर उन्हात तिची वाफ होऊन पटलाला फोड येतात. उघड्या डांबराला सूर्याची अतिनील किरणे मानवत नाहीत, म्हणून वर खनिजकणांचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा, अथवा सिमेंटचा संरक्षक थर लागतो. ज्या गच्चीवर वाळवणे घातली जातात, मुले खेळतात, खुर्च्या ओढल्या जातात तेथे उघडे पटल टिकत नाही.

द्रव लेप

ॲक्रिलिक, बहुवारिकयुक्त सिमेंट आणि पॉलियुरेथेन हे तीन लेप बाजारात मुख्यतः मिळतात. बहुवारिकयुक्त सिमेंटचा लेप किंचित दमट पृष्ठभागावरही चिकटतो आणि वर फरशी बसवता येते. त्यामुळे कोब्याखाली किंवा न्हाणीघरात तो योग्य ठरतो. ॲक्रिलिक लेप स्वस्त आणि उन्हात टिकाऊ असतो, पण सतत साचलेल्या पाण्यात मऊ पडतो. पॉलियुरेथेन सर्वांत लवचीक व महाग. त्यास कोरडा, धूळरहित पृष्ठभाग लागतो. सर्व प्रकारांत कोपरे व भेगा यांवर काचतंतूंची जाळी दोन हातांच्या मध्ये दाबून बसवतात.

लेपाचे यश त्याच्या सुक्या जाडीवर ठरते, आणि फसवणूक येथेच अधिक होते. १ चौरस मीटरवर १ मिमी सुकी जाडी हवी असेल, तर तेथे वाळल्यावर १ लिटर घनद्रव्य उरले पाहिजे. लेपातील घनद्रव्याचे प्रमाण आकारमानाने ५० टक्के असल्यास २ लिटर लेप लागेल. म्हणजे १०० चौरस मीटरच्या गच्चीला २० लिटरच्या १० बादल्या हव्यात. काम संपल्यावर रिकाम्या बादल्या मोजणे हा सामान्य ग्राहकासाठी सर्वांत सोपा व भरवशाचा तपास आहे. चार बादल्यांत पाणी घालून उरकलेल्या कामाचा रंग पहिल्या दिवशी अगदी तसाच दिसतो.

स्फटिकी रसायने

ही भुकटी काँक्रीटमधील मुक्त चुना व ओलावा यांच्याशी क्रिया करून केशिकांत न विरघळणारे स्फटिक तयार करते. ०.४ मिमीपर्यंतच्या स्थिर भेगा याने बुजू शकतात. पाण्याच्या टाक्या व तळघरांत तिचा उपयोग चांगला होतो. उन्हाने हलत्या राहणाऱ्या गच्चीच्या भेगांना मात्र ती एकटी पुरत नाही.

पत्र्याचे छप्पर

गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून पत्रे टाकणे हा मुंबई महानगरातील जुन्या इमारतींचा नेहमीचा मार्ग आहे. काटेकोरपणे हे जलरोधन नव्हे. तरीही स्लॅबवर पाऊस आणि ऊन दोन्ही पडत नसल्याने जर्जर गच्चीसाठी ते कित्येकदा सर्व लेपांपेक्षा परिणामकारक ठरते. त्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थेची परवानगी लागते. सांगाडा वादळी वाऱ्याने उचलला जाऊ नये अशा रीतीने स्तंभांवर बांधणे आणि त्याचे खांब जेथे स्लॅबला टेकतात त्या जागा बंद करणे, या दोन बाबी राहून जातात.

भाराचा प्रश्न

विटांच्या कोब्याची सरासरी जाडी १०० मिमी धरली तरी दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वजन स्लॅबवर कायमचे येते. तुलनेसाठी, वापरात असलेल्या सपाट छतावर आयएस ८७५ नुसार धरला जाणारा चल भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो असतो. गळणारा जुना कोबा फोडण्याचा त्रास व खर्च टाळण्यासाठी त्याच्यावरच दुसरा कोबा घालण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. जुन्या, गंजलेल्या सळईच्या आणि आधीच पाण्याने जड झालेल्या स्लॅबवर हा दुसरा थर धोकादायक ठरतो. अशा वेळी जुना कोबा काढून टाकणे किंवा वजनाने हलका लेप वापरणे हेच पर्याय उरतात. कोबा फोडताना यांत्रिक हातोड्याच्या धक्क्याने जुना स्लॅब खालून तडकू शकतो, म्हणून तो हातछन्नीने टप्प्याटप्प्याने काढतात व राडारोडा गच्चीवर एका जागी साठवीत नाहीत.

खालून काँक्रीटचे पोपडे पडत असतील, तर वरील जलरोधनाआधी संरचना अभियंत्याकडून तपासणी आवश्यक असते. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या ३५३-ब कलमाने ३० वर्षांहून जुन्या इमारतींना संरचनात्मक स्थैर्याची तपासणी बंधनकारक केली आहे.

निवडीचे निकष

नव्या इमारतीत निर्णय सोपा असतो. चांगल्या काँक्रीटच्या स्लॅबवर बहुवारिकयुक्त सिमेंटचा लेप, त्यावर उतारासाठी कोबा आणि वर फरशी ही रचना गच्चीच्या नेहमीच्या वापरास योग्य असते, कारण लेप उन्हापासून व पायांखालून दूर राहतो. त्याची दुसरी बाजू अशी की पुढे दुरुस्ती करायची झाल्यास सर्व काही फोडावे लागते.

जुन्या इमारतीत कोबा सर्वत्र घट्ट असून फक्त वरचा थर तडकला असेल, तर भेगा रुंद करून लवचीक द्रव्याने भरणे व जाळीसह लेप देणे पुरते. हातोडीने ठोकून पाहिल्यावर मोठ्या क्षेत्रात पोकळ आवाज येत असल्यास वरवरचा लेप म्हणजे एक-दोन पावसाळे विकत घेणे होय. ओलावा धरून बसलेल्या कोब्यावर उन्हाळ्यातही पॉलियुरेथेन किंवा डांबरी पटल लावणे टाळतात.

वापर नसलेल्या, जिन्याच्या वा उद्वाहनाच्या खोलीवरील छोट्या छतांना डांबरी पटल स्वस्त पडते. गच्चीवर बाग करायची असल्यास मुळांना अडवणारा स्वतंत्र थर, पाण्याचा निचरा आणि भिजलेल्या मातीचा भार यांचा विचार आधी करावा लागतो. समुद्राजवळ खाऱ्या हवेतील क्लोराइड सळईचा गंज वेगाने वाढवतात, तेथे दुरुस्ती पुढच्या वर्षावर ढकलण्याची किंमत सोलापूर-नगरकडील गच्चीपेक्षा अधिक मोजावी लागते.

खालून छताला लावायचे 'ओलरोधक' रंग हा निवडीचा पर्याय धरत नाहीत. ते डाग झाकतात. पाणी स्लॅबमध्येच राहते आणि सळईचे नुकसान नजरेआड चालू राहते.

चाचणी व हमी

काम झाल्यावर पन्हाळ्या बंद करून गच्चीवर सर्वांत उंच भागीही किमान २५ मिमी पाणी राहील असे भरतात आणि ४८ ते ७२ तास ठेवून खालचे छत तपासतात. १०० चौरस मीटरवर सरासरी ५० मिमी पाणी म्हणजे ५,००० लिटर, अर्थात ५ टन भार. दुबळ्या स्लॅबवर ही चाचणी भागाभागांत घेतात. लेप व कोबा अशी दुहेरी रचना असल्यास लेपानंतर एकदा आणि शेवटी पुन्हा अशी दोनदा चाचणी घेणे योग्य असते.

कंत्राटदार १० वर्षांची हमी मुद्रांकपत्रावर देतात. तिचा उपयोग मजकुरावर अवलंबून असतो. वापरलेल्या साहित्याचे नाव, दर चौरस मीटर प्रमाण, थरांची जाडी व दुरुस्तीची मुदत त्यात नसल्यास वाद उद्‌भवल्यावर हाती काही राहत नाही.

खर्चाची जबाबदारी

सहकारी गृहनिर्माण संस्थांत गच्चीची गळती हे सर्वांत वरच्या मजल्यावरील सभासद आणि इतर सभासद यांच्यातील वादाचे नेहमीचे कारण असते. खालच्या मजल्यांवरील लोक वर्गणी देण्यास नाखूश असतात, वरच्यास दर पावसाळ्यात बादल्या मांडाव्या लागतात. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार गच्ची व कठड्याची दुरुस्ती, तसेच पावसाच्या पाण्याची गळती हा संस्थेने स्वतःच्या खर्चाने करावयाच्या कामांचा भाग आहे. सदनिकेतील न्हाणीघर वा मोरीतून होणारी गळती मात्र संबंधित सभासदाने दुरुस्त करावयाची असते. त्यामुळे निदानाचा अहवाल लेखी असणे दोन्ही पक्षांच्या हिताचे ठरते.

नव्या इमारतींबाबत स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेले बांधकामाचे व कारागिरीचे दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचे असतात. गळती आढळताच तारखेसह लेखी कळवल्यास ही मुदत सिद्ध करणे सोपे जाते.

देखभाल

पावसाळ्यापूर्वी पन्हाळ्या व जाळ्या साफ करणे, भेगा व वाटा तपासणे, कठड्यावरील रोपे मुळासह काढणे आणि गच्चीवरील अडगळ हलवणे एवढे काम एका दिवसात होते. ॲक्रिलिक लेपाचा वरचा हात काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. गच्चीवर नवी अँटेना, सौरपट्टी किंवा नळ बसवताना जलरोधक थरात भोक न पाडता काँक्रीटच्या सुट्या ठोकळ्यांवर सांगाडा उभा करतात. भोक अटळ असल्यास ते त्याच दिवशी बंद करून त्याची नोंद संस्थेच्या दप्तरात ठेवतात.